दीर्घ परदेशवास आणि विमा संरक्षण : चेन्नईच्या अनुभवातून काही धडे

परदेश प्रवास ही एके काळी मोजक्या कुटुंबांपुरती मर्यादित असलेली गोष्ट होती. गेल्या तीन दशकांत हे चित्र पूर्णपणे बदलले आहे. माहिती तंत्रज्ञान क्षेत्राचा विस्तार, आखाती आणि आग्नेय आशियाई देशांतील रोजगार, उच्च शिक्षणासाठी बाहेर जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यामागोमाग मुलांकडे राहावयास जाणारे आईवडील यांमुळे दीर्घ परदेशवास हा मध्यमवर्गीय आणि श्रमिक या दोन्ही वर्गांच्या जीवनाचा भाग झाला आहे. मात्र तिकीट, व्हिसा आणि सामानाचे वजन यांविषयी जितकी चौकशी केली जाते, तितकी विम्याविषयी केली जात नाही. प्रवासी कंपनीने तिकिटाबरोबर दिलेला कागद म्हणजे विमा, अशीच सर्वसाधारण समजूत आढळते. या समजुतीची किंमत कधी कधी आयुष्यभराच्या बचतीएवढी असू शकते. प्रस्तुत लेखात चेन्नई शहराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. तथापि त्यातील निष्कर्ष मुंबई, पुणे, नाशिक किंवा नागपूर येथील कुटुंबांनाही तितकेच लागू पडतात.

चेन्नईचीच निवड का?

भारतीय विमा व्यवसायाच्या इतिहासात या शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. मद्रास इक्विटेबल ही आयुर्विमा संस्था येथे १८२९ मध्ये सुरू झाली. स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०६ मध्ये, युनायटेड इंडिया ही आयुर्विमा कंपनी येथेच स्थापन झाली. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अमलात आले, तेव्हा १०७ विमा कंपन्यांचे चार कंपन्यांमध्ये विलीनीकरण करण्यात आले. त्यांपैकी नॅशनलचे मुख्यालय कोलकात्यात, न्यू इंडियाचे मुंबईत, ओरिएंटलचे दिल्लीत आणि युनायटेड इंडिया इन्शुरन्सचे चेन्नईत राहिले. १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाल्यावर ऑक्टोबर २००० मध्ये ज्यांना पहिले परवाने मिळाले, त्यांत चेन्नईची रॉयल सुंदरम ही कंपनी होती. केवळ आरोग्य विम्याचा व्यवसाय करणारी देशातील पहिली कंपनी, स्टार हेल्थ, हीसुद्धा २००६ मध्ये याच शहरात सुरू झाली.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. २०१५ च्या तमिळनाडू स्थलांतर सर्वेक्षणानुसार राज्यातून परदेशी गेलेल्यांची संख्या सुमारे २२ लाख होती आणि त्यांत सिंगापूरला गेलेल्यांचा क्रमांक पहिला होता. दीर्घकाळासाठी परदेशी निघालेले दोन अगदी भिन्न प्रकारचे प्रवासी या शहरात दिसतात. एक, अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी आलेले निवृत्त दांपत्य. दुसरा, उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाच्या मंजुरीने आखाती देशात नोकरीस जाणारा, दहावीपर्यंत न शिकलेला कामगार. पहिल्याचा विमा पूर्णपणे बाजारावर सोडलेला आहे. दुसऱ्याचा शासनाने सक्तीचा आणि प्रमाणित केलेला आहे. या दोन व्यवस्थांची तुलना उद्बोधक ठरते.

अल्प सहल आणि दीर्घ वास्तव्य

आठ-दहा दिवसांची सहल आणि पाच-सहा महिन्यांचे वास्तव्य यांतील फरक केवळ दिवसांचा नसतो. सहलीतील जोखमी प्रामुख्याने प्रवासाच्या असतात : सामान हरवणे, विमान चुकणे, पासपोर्ट गहाळ होणे. या हानी त्रासदायक असल्या तरी कुटुंबाला सोसवतात. दीर्घ वास्तव्यात मुख्य जोखीम आरोग्याची असते. प्रवासी जितके अधिक दिवस राहील, तितकी त्याच काळात एखादा आजार उद्भवण्याची शक्यता वाढते. आणि असे प्रवासी बहुधा साठी ओलांडलेले, रक्तदाब किंवा मधुमेहावर नियमित औषधे घेणारे असतात.

विम्याच्या अर्थशास्त्राचा एक साधा नियम असा, की जी हानी आपण स्वतः भरून काढू शकतो तिच्यासाठी हप्ता भरण्यात फारसा लाभ नसतो. जी हानी कुटुंबाची आर्थिक घडीच विस्कटून टाकेल, ती क्वचितच घडणारी असली तरी तिच्यासाठी संरक्षण घेणे शहाणपणाचे असते. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेतील अनिश्चिततेवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधापासून हा विचार सर्वमान्य आहे. प्रत्यक्षात मात्र पॉलिसी निवडताना सामानाच्या विलंबासाठी किती डॉलर मिळतील याकडे पाहिले जाते आणि हृदयविकाराच्या उपचारावर कोणती मर्यादा आहे, हे वाचलेच जात नाही.

अमेरिकेत रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णामागे रुग्णालयाला येणारा दैनंदिन खर्च २०२२ मध्ये सरासरी सुमारे ३,००० डॉलर होता. डॉलरचा दर ८५ रुपये धरला, तर दहा दिवसांच्या वास्तव्याचे साडेपंचवीस लाख रुपये होतात. ही सर्व आजारांची सरासरी आहे. अतिदक्षता विभाग किंवा हृदयशस्त्रक्रिया असेल तर हा आकडा सहज कितीतरी पट होतो. तेथील १९८६ च्या कायद्यान्वये तातडीच्या रुग्णाला तपासून स्थिर करणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे, हे खरे. परंतु त्यामुळे देयक माफ होत नाही. भारतातील नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी सामान्यतः देशाबाहेर लागू होत नाही. सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचा जो लाभ खुला झाला, तोही देशातील संलग्न रुग्णालयांपुरताच आहे.

बाजार अपुरा का पडतो?

ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यालाच ते मिळणे सर्वांत कठीण, हा आरोग्य विम्यातील मूलभूत विरोधाभास आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन लिहिलेल्या निबंधात पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना वैद्यकीय विमा मिळण्यात येणाऱ्या अडचणींचीही चर्चा केली होती. स्वतःच्या प्रकृतीविषयी विमा घेणाऱ्यास जे ठाऊक असते ते विमा कंपनीस ठाऊक नसते. हप्ता वाढविला तर निरोगी लोक बाजूला होतात आणि आजारी तेवढे राहतात. हप्ता पुन्हा वाढवावा लागतो. पुढे २००१ मध्ये त्यांना याच विचारधारेसाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

माहितीतील या विषमतेपासून बचाव करण्यासाठी विमा कंपन्या तीन साधने वापरतात : आधीपासून असलेले आजार वगळणे, वयानुसार उपमर्यादा घालणे आणि प्रस्ताव अर्जात प्रकृतीविषयी प्रश्न विचारणे. दीर्घ प्रवासाच्या विम्यातील बहुतेक वाद या तीन साधनांभोवतीच फिरतात. म्हणून ती समजावून घेणे आवश्यक आहे.

ओव्हरसीज मेडिक्लेमपासून आजपर्यंत

भारतातून परदेशी जाणाऱ्यांसाठी ओव्हरसीज मेडिक्लेम ही पॉलिसी सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी १९८४ मध्ये आणली. परकीय चलन तेव्हा दुर्मीळ होते आणि परदेशातील रुग्णालयाचे देयक डॉलरमध्ये चुकते करणे ही सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. पुढे १९९१ मध्ये तिच्यात सुधारणा होऊन नोकरी आणि शिक्षणासाठी जाणाऱ्यांचाही विचार करण्यात आला. हप्ता रुपयांत आणि संरक्षण डॉलरमध्ये, हे तिचे वैशिष्ट्य आजच्या सर्व प्रवास विमा योजनांनी कायम ठेवले आहे. अमेरिका व कॅनडा वगळून उर्वरित जग आणि अमेरिका-कॅनडासह संपूर्ण जग, असे दोन भौगोलिक गटही तेव्हापासून चालत आले आहेत. दुसऱ्या गटाचा हप्ता स्वाभाविकपणे अधिक असतो.

या पॉलिसीचा गाभा तातडीच्या उपचारांचा आहे. प्रवासात अचानक उद्भवलेला आजार किंवा अपघात, रुग्णाला मायदेशी आणणे आणि मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणणे हे खर्च तिच्यात येतात. नेहमीच्या तपासण्या, मायदेशी परतेपर्यंत थांबू शकणारे उपचार, उपचारासाठीच केलेला प्रवास आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध केलेला प्रवास यांना संरक्षण नसते. दातांच्या बाबतीत तीव्र वेदनेवरील तात्पुरता उपचार एवढाच अर्थ बहुधा अभिप्रेत असतो.

एक न्यायनिवाडा आणि त्याचा अर्थ

प्रस्ताव अर्जाचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२१ मधील एका निर्णयातून स्पष्ट होते. मे २००९ मध्ये एक गृहस्थ कुटुंबातील विवाहासाठी अमेरिकेस निघाले. त्यांनी युनायटेड इंडियाची ओव्हरसीज मेडिक्लेम पॉलिसी घेतली होती. अर्जात आपणास मधुमेह असल्याचे त्यांनी नमूद केले होते आणि पॉलिसीपूर्वी वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्को येथे उतरल्यावर विमानतळावरच त्यांना अस्वस्थ वाटू लागले. रुग्णालयात अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवावे लागले. कोलेस्टेरॉलसंबंधीचा विकार आणि मधुमेह आधीपासून होता, तसेच स्टॅटिन हे औषध चालू असल्याचे अर्जात सांगितले नव्हते, या कारणांवरून दावा नाकारण्यात आला. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही त्यांना यश आले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र दावा नाकारणे बेकायदा ठरविले. विमा घेणाऱ्याने आजार उघड केला असेल आणि त्याची प्रकृती तपासून कंपनीने पॉलिसी दिली असेल, तर त्याच आजाराचे कारण पुढे करून नंतर दावा नाकारता येणार नाही, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. विमा हा परम सद्‌भावाचा करार आहे आणि हे बंधन दोन्ही पक्षांवर असते, याचा हा पुनरुच्चार होता.

या निकालाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. २००९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका मेडिक्लेम प्रकरणात, गंभीर आजाराची माहिती दडविल्याबद्दल दावा नाकारणे योग्य ठरविले होते. म्हणजेच पहिल्या गृहस्थांना तारले ते अर्जातील एका शब्दाने : मधुमेह. तो शब्द तेथे नसता तर न्यायालयापुढे मांडण्यासारखे त्यांच्याकडे फारच थोडे उरले असते. आणि तो असूनही न्याय मिळण्यास १२ वर्षे लागली. पासष्टाव्या वर्षी प्रवासास निघणाऱ्याने हा कालावधी ध्यानात घेतला पाहिजे.

“हे लिहिले तर हप्ता वाढेल, लिहू नका,” असा सल्ला अनेकदा दिला जातो. त्यातून वाचणारी रक्कम काही शेकडा किंवा काही हजार रुपयांची असते. धोक्यात येते ती संपूर्ण पॉलिसी. आजार, चालू असलेली प्रत्येक गोळी आणि पूर्वीच्या शस्त्रक्रिया लिहाव्यात. अर्ज दुसऱ्याने भरला असेल तर स्वाक्षरीपूर्वी तो स्वतः वाचावा. आणि भरलेल्या अर्जाची प्रत पॉलिसीबरोबर जपून ठेवावी.

पॉलिसी निवडताना

(१) विमा रक्कम आणि उपमर्यादा : पॉलिसीच्या पहिल्या पानावरील आकडा फसवा असू शकतो. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठीच्या अनेक पॉलिसींत खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया किंवा एका आजारावरील एकूण खर्च यांवर स्वतंत्र उपमर्यादा असतात. समजा, विमा रक्कम १ लाख डॉलर आहे, परंतु एका आजारासाठी उपमर्यादा १५ हजार डॉलर आहे. रुग्णालयाचे देयक ६० हजार डॉलर झाले, तर ४५ हजार डॉलर कुटुंबाला भरावे लागतील. ८५ रुपयांच्या दराने ही रक्कम ३८ लाख २५ हजार रुपये होते. उपमर्यादा नसलेली ५० हजार डॉलरची पॉलिसी या प्रसंगी अधिक उपयोगी ठरली असती.

(२) आधीपासूनचे आजार : काही पॉलिसींत हे आजार पूर्णपणे वगळलेले असतात. काहींत जिवावर बेतलेल्या प्रसंगी रुग्णाला स्थिर करण्यापुरता खर्च मिळतो आणि त्यालाही स्वतंत्र मर्यादा असते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या व्यक्तीने हे कलम सर्वांत आधी वाचावे.

(३) स्वतः सोसावयाची रक्कम : प्रत्येक दाव्यातील सुरुवातीची ठरावीक रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, विमाधारकाने भरावयाची असते. ती थोडी अधिक स्वीकारून उपमर्यादा नसलेली किंवा मोठ्या रकमेची पॉलिसी मिळत असेल, तर ती देवघेव सामान्यतः फायद्याची ठरते.

(४) दिवसांची मोजणी : अमेरिकेत पर्यटक म्हणून गेलेल्यास बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहण्याची मुभा मिळते, तेथील भारतीय पॉलिसीही अनेकदा १८० दिवसांपर्यंत दिली जाते. मुक्कामाचा अंदाज असेल त्याहून काही दिवस अधिक घ्यावेत. वर्षभरात अनेक प्रवासांना चालणारी पॉलिसी स्वस्त वाटते, परंतु तिच्यात एका प्रवासाचे दिवस ३०, ४५ किंवा ६० इतकेच मर्यादित असतात. दीर्घ वास्तव्यास ती निरुपयोगी आहे.

(५) मुदतवाढ : मुदत संपण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो आणि त्या काळातील प्रकृती व दावे यांची माहिती द्यावी लागते. मुदतवाढ हा सर्वत्र हक्क नसतो. भारताने २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबविली आणि ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. मधल्या काळात मे २०२० पासून वंदे भारत मोहिमेची विमाने सुरू झाली, तरी मुलांकडे गेलेल्या असंख्य ज्येष्ठांचा मुक्काम ठरल्यापेक्षा लांबला. मुदतवाढीच्या अटी आधीच वाचून ठेवण्याचे महत्त्व त्या दिवसांनी दाखवून दिले.

(६) देशातील पॉलिसी : परदेशी असताना घरच्या आरोग्य विम्याचे नूतनीकरण चुकू देऊ नये. खंड पडल्यास जुन्या आजारांसाठी पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ वाया जाण्याचा धोका असतो.

देशोदेशीचे नियम

कोणता विमा पुरेसा, हे काही अंशी यजमान देश ठरवितो. शेंगेन गटातील युरोपीय देशांनी १ जून २००४ पासून व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे केले आहे. त्यात तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च यावा लागतो. हे देश अल्पकालीन व्हिसावर १८० दिवसांच्या काळात ९० दिवसच राहू देतात. कॅनडाने पालक व आजी-आजोबांसाठी डिसेंबर २०११ मध्ये सुरू केलेल्या सुपर व्हिसासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्ष मुदतीचा आरोग्य विमा लागतो. आरंभी तो कॅनडातील कंपनीचाच असावा लागे. जानेवारी २०२५ पासून तेथील नियामकाने मान्यता दिलेल्या परदेशी कंपन्यांचा विमाही चालतो.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळाच्या व्हिसासाठी २०१५ पासून आरोग्य अधिभार घेतला जातो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे. पर्यटक म्हणून गेलेल्यास हा अधिभार नाही, पण रुग्णालयात दाखल झाल्यास त्याच्याकडून राष्ट्रीय दराच्या दीडपट आकारणी होऊ शकते. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा आरोग्य विमा घ्यावा लागतो. अमेरिकेने मात्र सर्वसाधारण पर्यटकांवर अशी सक्ती केलेली नाही. जेथे उपचार सर्वांत महाग, तेथेच निर्णय प्रवाशावर सोडलेला आहे.

येथील विमा की तेथील?

अमेरिकेतील मुले अनेकदा आईवडिलांसाठी तेथील पर्यटक विमा घेतात. तेथील रुग्णालयांना आणि डॉक्टरांना या कंपन्या परिचित असतात, ही त्याची जमेची बाजू. परंतु त्यात दोन प्रकार असतात, हे ठाऊक असावयास हवे. ठरावीक लाभाच्या योजनेत प्रत्येक उपचारासाठी निश्चित रक्कमच मिळते. देयक कितीही असो. व्यापक योजनेत डिडक्टिबल वजा जाता देयकाचा मोठा हिस्सा कमाल मर्यादेपर्यंत मिळतो. पहिला प्रकार स्वस्त आहे आणि त्याचे कारण हेच आहे. जुन्या आजारांबाबत ‘अचानक तीव्र उद्रेक’ एवढ्यापुरतेच संरक्षण असते व त्यासाठीही वयाची अट असू शकते.

भारतीय पॉलिसी सर्वसाधारणपणे प्रस्थानापूर्वीच घ्यावी लागते. तिचा हप्ता बहुधा कमी असतो आणि वाद झाल्यास दाद मागण्याची यंत्रणा मायदेशी उपलब्ध असते. निवासी भारतीयास परदेशी कंपनीचा आरोग्य विमा घेता येतो. त्यासाठीची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेच्या मर्यादेत, म्हणजे सध्या आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच्या आत, असावी लागते. दोन्हींपैकी काहीही निवडले तरी उपमर्यादा आणि जुने आजार या दोन कलमांवरच तुलना करणे इष्ट.

श्रमिकांसाठीची व्यवस्था

आता दुसऱ्या प्रवाशाकडे वळू. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारांना आखाती देश, मलेशिया आदी १८ देशांत नोकरीस जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. अशा कामगारांसाठी केंद्र शासनाने डिसेंबर २००३ मध्ये प्रवासी भारतीय विमा योजना सुरू केली आणि पुढे २००६, २००८ व २०१७ मध्ये तिच्यात सुधारणा केल्या. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये एवढाच तिचा हप्ता आहे. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपये, १ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन खर्च, नोकरीसंबंधी वादात ४५ हजार रुपयांपर्यंत कायदेशीर खर्च आणि प्रकृतीच्या कारणाने परतावे लागल्यास प्रवासखर्च यांची तरतूद आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या योजनेचे यश तिच्या सक्तीत आहे. सर्वांनाच सहभागी व्हावे लागत असल्याने केवळ आजारी तेवढे विमा घेतात, ही अ‍ॅकरलॉफ यांनी दाखविलेली अडचण येथे उद्भवत नाही. अटी एकसारख्या असल्याने कामगाराला पॉलिसींची तुलना करीत बसावे लागत नाही. अर्थात एक लाखाचा रुग्णालयीन लाभ परदेशातील मोठ्या आजारासाठी अपुरा आहे. तेथे मालकाने घेतलेल्या विम्यावरच विसंबावे लागते. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२५ पासून ही जबाबदारी सर्व अमिरातींतील मालकांवर टाकली आहे.

मात्र या योजनेची कुंपणाबाहेरची जागाही लक्षणीय आहे. तमिळनाडूतील स्थलांतरितांची सर्वाधिक पसंती असलेले सिंगापूर या १८ देशांच्या यादीत नाही. तेथे परवान्यावरील कामगारासाठी मालकाने वैद्यकीय विमा घेणे बंधनकारक आहे आणि त्याची किमान मर्यादा १ जुलै २०२३ पासून १५ हजारांवरून ६० हजार सिंगापुरी डॉलर करण्यात आली. म्हणजे कामगाराचे संरक्षण यजमान देशाच्या कायद्यावर अवलंबून राहते. निघण्यापूर्वी मालकाकडून विम्याच्या कागदाची प्रत मागून घेणे आणि ती गावी कुटुंबाकडे ठेवणे, एवढे तरी अवश्य करावे.

दावा आणि दाद

पॉलिसीवरील मदत केंद्राचा क्रमांक केवळ प्रवाशाच्या पाकिटात असून चालत नाही. यजमान कुटुंबातील सर्वांकडे तो असावा. रुग्णालयात दाखल होताना किंवा शक्य तितक्या लवकर त्या केंद्राला कळविले, तर कंपनी परस्पर देयक चुकते करू शकते. बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च बहुधा आधी करून नंतर मागावा लागतो; त्यासाठी डॉक्टरांचे निदानपत्र, तपशीलवार देयके, पावत्या आणि पासपोर्टच्या पानांच्या प्रती लागतात. नियमित औषधे संपूर्ण मुक्कामासाठी पुरतील अशी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात समाधानकारक उत्तर न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या यंत्रणेची कार्यालये चेन्नईप्रमाणेच मुंबई आणि पुणे येथेही आहेत. येथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद हाताळले जातात. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तक्रार करावयास हवी. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. त्या वाटेवर किती काळ जाऊ शकतो हे वर आलेच आहे.

पुढील दिशा

चेन्नईतील दोन प्रवाशांची तुलना केली असता एक विसंगती जाणवते. अल्पशिक्षित कामगाराला शासनाने सोपी, एकसारखी पॉलिसी दिली. पण तिची रक्कम तोकडी आहे. सुशिक्षित ज्येष्ठ नागरिकाला मोठ्या रकमेच्या अनेक पॉलिसी उपलब्ध आहेत. पण त्यांच्या अटी वाचून निवड करणे पदवीधरालाही अवघड जाते. पहिल्याला अधिक रक्कम हवी, दुसऱ्याला अधिक स्पष्टता.

या दृष्टीने तीन सूचना कराव्याशा वाटतात. विमा नियामकाने देशांतर्गत आरोग्य विम्यात एप्रिल २०२० पासून आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांकडून उपलब्ध करून दिली. त्याच धर्तीवर साठ वर्षांवरील व्यक्तींच्या दीर्घ परदेशवासासाठी, समान व्याख्या आणि समान उपमर्यादा असलेली एक प्रमाणित पॉलिसी असावी. दुसरे, प्रस्ताव अर्ज मराठी, तमिळ यांसारख्या भाषांत उपलब्ध व्हावा आणि भरलेल्या अर्जाची प्रत पॉलिसीसोबत देणे सक्तीचे असावे. तिसरे, प्रवासी भारतीय विमा योजनेतील रुग्णालयीन लाभाचा फेरविचार व्हावा आणि १८ देशांच्या यादीबाहेर जाणाऱ्या कामगारांना तिच्यात स्वेच्छेने सहभागी होण्यासाठी उत्तेजन मिळावे.

हे होईपर्यंत प्रत्येक कुटुंबाला आपल्यापुरती दक्षता घ्यावीच लागेल. बॅगा भरण्याआधी एक संध्याकाळ पॉलिसीसाठी राखून ठेवावी. त्या संध्याकाळी चार गोष्टी तपासाव्यात : प्रकृतीविषयी अर्जात सारे काही लिहिले आहे काय, आपल्या वयाला कोणत्या उपमर्यादा लागू आहेत, जुन्या आजारांना किती संरक्षण आहे आणि मुक्काम लांबला तर काय करावयाचे आहे. या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर सापडली, तर हप्त्याचे पैसे सत्कारणी लागले असे समजावयास हरकत नाही.